वर्तमानपत्राची उभी घडी, बाउहाउस आणि डिझाइनचं पहिलं वर्ष

रेघोट्या

परवा रात्री साडेबाराला ताईचा फोन. "अगं, ही पोरगी चार तास झाले रद्दी घेऊन बसलीय. कात्री चालत नाही, डिंक चालत नाही, नुसत्या कागदाचं काहीतरी करून न्यायचंय म्हणे. एवढी फी भरली ती होड्या करायला का?"

भाची यंदा डिझाइनच्या पहिल्या वर्षाला लागली. मी उपयोजित कलेची, त्यामुळे असल्या तक्रारींची सुनावणी माझ्याकडे होते. ताईला जे सांगितलं ते तिला कितपत पटलं देव जाणे, पण बोलता बोलता माझ्याच डोक्यात बरंच काही जुळत गेलं. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तिथे कान धरावा.

हा रद्दीचा गृहपाठ जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या शाळेत योझेफ आल्बर्स नावाचा मास्तर वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात यायचा. कागद वाटायचा आणि सांगायचा, याचं काहीतरी करा, पण काही वाया घालवू नका, जमलं तर कात्री-डिंकाला हात लावू नका. मग निघून जायचा. एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलेली आठवण अशी: मास्तर परत आला तेव्हा पोरांनी किल्ले, विमानं, प्राणी, मुखवटे असं बरंच काही करून ठेवलं होतं. आल्बर्सने त्याला बालवाडीतल्या वस्तू म्हटलं. हे दुसऱ्या कशाचंही करता आलं असतं, कागदच कशाला हवा? मग एका मुलाचं काम त्याने उचललं. त्या पठ्ठ्याने कागदाला फक्त एक उभी घडी घालून तो टेबलावर उभा केला होता. बस्स. आल्बर्स खूश. मऊ, लुळा कागद एका घडीने ताठ उभा राहिला, आणि टेबलावर पडून असताना एकच बाजू दिसायची त्याच्या आता दोन्ही बाजू कामाला लागल्या.

आता माझा मुद्दा. बाउहाउस म्हटलं की लोकांना पांढऱ्या खोकेवजा इमारती आणि वाकवलेल्या नळीच्या खुर्च्या आठवतात. माझ्या मते शाळेची खरी मिळकत खुर्ची नव्हे, हे पहिलं अर्धं वर्ष. आणि ते वास्तुविशारदांनी रचलेलं नाही, चित्रकारांनी रचलंय. वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियसने 1919 साली वायमारला शाळा काढली तेव्हा जाहीरनाम्यात छाती ठोकून लिहिलं की सगळ्या कलांचं अंतिम ध्येय इमारत. आणि त्या शाळेत वास्तुकलेचा विभाग कधी निघाला? 1927 साली! आठ वर्षं लग्नपत्रिकेवर नाव एकाचं आणि बोहल्यावर दुसरेच.

त्या आठ वर्षांत शिकवत कोण होतं? योहानेस इटेन, पॉल क्ले, वासिली कांडिन्स्की, फायनिंगर, सगळे चित्रकार. इटेनने पूर्वाभ्यास, म्हणजे हेच पहिलं अर्धं वर्ष, सुरू केला: डोळे मिटून लाकूड, लोकर, काच, खरवडलेला पत्रा चाचपायचा आणि मग तो स्पर्श कोळशाने कागदावर आणायचा. वर्गाच्या सुरुवातीला श्वासाचे व्यायाम. बुवा स्वतः मुंडण करून झगा घालून हिंडायचा, एका पंथाचा अनुयायी होता, कँटीनमध्ये लसणाचा मारा असायचा. कांडिन्स्कीने 1923 साली सगळ्यांना एक कागद भरायला दिला: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ आणि तीन मूळ रंग, कुठला रंग कुणाचा? उत्तर ठरलेलंच होतं. त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, वर्तुळ निळं. (मी घरी विचारून पाहिलं. धाकट्याने चौकोन पिवळा सांगितला. कारण ढोकळा.)

आणि एक बाहेरचा माणूस. हॉलंडच्या दे स्टाइल या कलावंतांच्या गटाचा तेओ फान दूसबर्ग 1921 साली वायमारला येऊन राहिला. शाळेत नोकरी मिळेल अशी आशा होती, मिळाली नाही. मग गड्याने शाळेच्या नाकावर टिच्चून 1922 साली स्वतःचा वर्ग काढला आणि बाउहाउसचीच पोरं तिथे जाऊन बसायला लागली. तोवर शाळेत इटेनचं भावविश्व आणि हातमागाचा सुवास. दूसबर्गकडे आडव्या-उभ्या रेषा, सपाट रंग, यंत्र. शाळेचा विद्यार्थी मार्सेल ब्रॉयर, त्याची त्या काळातली लाकडी पट्ट्यांची खुर्ची पाहा, दे स्टाइलमधल्याच रीटफेल्डच्या खुर्च्यांचा ठसा स्वच्छ दिसतो. 1923 साली इटेन गेला, मोहोली-नॉज आला, आणि शाळेचं घोषवाक्य झालं: कला आणि तंत्र, एक नवी एकी.

पुढे ही शाळा वायमारहून देसाऊला, तिथून बर्लिनला हलली, मग मोडली आणि शिक्षक पांगले. आल्बर्स आणि ग्रोपियस अमेरिकेत. बाउहाउसचाच विद्यार्थी असलेल्या माक्स बिलच्या हाताखाली जर्मनीत उल्म गावची डिझाइनची शाळा 1953 साली सुरू झाली. उल्ममधून एक फांदी आपल्याकडे आली, अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि पवईच्या आयडीसीत (आयआयटीतलं डिझाइन केंद्र). आयडीसी 1969 साली उभी करणारे सुधाकर नाडकर्णी मूळ मुंबईच्या जेजे कलाशाळेचे आणि नंतर उल्मचे विद्यार्थी. तेव्हा ताई, तुझी पोरगी होड्या करत नाहीये.

---

चुनाविटा

लेख छान, पण एवढा लळा बरा नव्हे. मी वास्तुविशारद, पंचवीस वर्षं पुण्यात. आज आपल्याकडे पश्चिमेला तोंड करून जी काचेची कपाटं उभी राहिली आहेत त्यांचं मूळ याच मंडळींकडे जातं. मी ज्या इमारतीत बसतो (नाव घेत नाही, भाडेकरू आहे) तिथे एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर पडदे ओढून, दिवे लावून, एसी सोळावर ठेवून काम चालतं. म्हणजे उजेड यावा म्हणून काच लावायची, मग उजेड नको म्हणून पडदा लावायचा, मग अंधार झाला म्हणून दिवा लावायचा.

देसाऊची मूळ इमारत काही वेगळी नव्हती. 1926 साली उघडली. कार्यशाळांच्या बाजूला तीन मजली सलग काचेची भिंत, एकेरी काच. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फ. जर्मनीत ही गत, तर इथे काय होणार?

आणि देसाऊ-टोर्टनची वसाहत. 1926 ते 28 मध्ये 314 घरं, क्रेन आणि रुळांवर मालवाहतूक करून, जवळजवळ कारखान्यात माल काढावा तशी. कागदावर उत्तम. लोक राहायला गेले आणि थोड्याच वर्षांत खिडक्या बदलायला लागले. राहणाऱ्याला विचारायचं राहून गेलं की हे असं होतं.

---

कटिंगचहा

हे सगळं आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी होतं. तांब्या बघा.

---

रेघोट्या

@कटिंगचहा, गंमत म्हणजे तांब्याबद्दल तुम्ही योगायोगाने मुद्द्यावर आहात. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने 1958 साली भारत सरकारसाठी जो अहवाल लिहिला त्यात लोट्याचं तोंड भरून कौतुक आहे. डोक्यावर कसा बसतो, कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना तोल कुठे, ओतताना कुठे, गळ्याला हात कसा जातो, आतून घासता येतो का, सगळं. एनआयडी त्या अहवालातून निघाली. पण "आपल्याकडे होतं" आणि "आपण ते शिकवत होतो" यात फरक आहे. तांबट आपल्या पोराला शिकवायचा, परक्याच्या पोराला नाही.

@चुनाविटा, काचेबद्दल मान्य. पण काच आल्बर्सच्या वर्गातून आली का? त्याच्या वर्गात तर माल वाया घालवला की बोलणी बसायची.

---

निवृत्त मास्तर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून टंकतो आहे. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली याचा हिशेब नाही.

रेघोट्याताई, आल्बर्सने पोरांच्या कामाला बालवाडी म्हणून हिणवलं हे वाचून हसू आलं. कारण ही सगळी इमारत बालवाडीच्याच पायावर उभी आहे. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने जगातली पहिली बालवाडी 1837 साली ब्लांकेनबुर्गला काढली, म्हणजे वायमार ज्या थुरिंगियात आहे त्याच थुरिंगियात. लाकडाचा गोल, घन, नळकांडं, ठोकळे, कागदाच्या घड्या, विणायच्या पट्ट्या. पोराने हाताळावं, मोडावं, पुन्हा रचावं. इटेन मुळात प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, फ्रोबेलची पद्धत त्याला ठाऊक होती. त्याने तेच विशीतल्या पोरांना दिलं. बालवाडी मोठ्यांची केली एवढंच. यात कमीपणा काय?

दुसरं. आपल्याकडच्या सगळ्याच चित्रकलेचं श्रेय बाउहाउसला देऊ नका. संकल्पचित्राचा पेपर आठवा: दिलेल्या चौकोनात पानं-फुलं किंवा भौमितिक आकार घेऊन सपाट रंगात रचना करा. तीन-चारच रंग, पोस्टर कलर, ब्रशचे फटकारे दिसले की गुण कापले. कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. हे सगळं इंग्रजांच्या, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेच्या पद्धतीतून आलंय, बाउहाउसच्या पुष्कळ आधी. जेजे 1857 ची. इंग्रजांना नक्षी काढणारे नीटनेटके हात हवे होते. फरक कुठे आहे सांगतो. माझ्या पेपरात पोराला उत्तर आधीच ठाऊक असायचं, ते सफाईने उतरवायचं. आल्बर्सच्या पेपरात मास्तरलाही ठाऊक नाही. मला असा पेपर कधी काढता आला नाही. काढला असता तर तपासला कसा असता?

---

ताणाबाणा

वाचतेय. मी हातमागाच्या कापडात काम करते, सोलापूरची. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

शाळा उघडली तेव्हा मुलीच मुलांपेक्षा किंचित जास्त होत्या. ग्रोपियसने जाहीर केलं की इथे स्त्री-पुरुष भेद नाही. आणि मग इतक्या बायका आलेल्या पाहून घाबरला. पूर्वाभ्यास संपला की मुलींना हळूच मागाकडे वळवलं जायचं. सुतारकाम, धातू, भिंतचित्र तुम्हाला झेपायचं नाही, विणा. मारियान ब्रांड्ट हट्टाने धातूच्या कार्यशाळेत शिरली आणि तिची 1924 सालची चहाची किटली आज संग्रहालयात आहे. अर्धगोल पोट, त्याखाली फुलीसारखे पाय. बाकीच्या मागावर.

आणि तरी बघा काय झालं. ज्या विभागात कोपऱ्यात बसवलं तोच विभाग कारखान्यांना नमुने विकणारा निघाला. गुंटा श्टोल्त्सल विद्यार्थिनी म्हणून आली आणि 1927 साली त्याच विभागाची प्रमुख झाली. आनी आल्बर्सला, या कागदवाल्या आल्बर्सची बायको, मुळात विणायचं नव्हतं. तिने 1930 च्या पदविकेसाठी बर्नाऊच्या कामगार संघटनेच्या शाळेतल्या सभागृहाला कापड केलं. एका अंगाला सेलोफेन, ते उजेड परतवतं. दुसऱ्या अंगाला शेनील, म्हणजे लवदार सूत, ते आवाज पितं. कापड म्हणजे शोभा नाही, भिंतीचं काम करणारा माल. मागावर बसणाऱ्याला हे वाचून अंगावर काटा येतो. आमच्याकडे अजून "कुठला रंग चालतोय यंदा" यापलीकडे कुणी विचारत नाही.

क्ले या मुलींना शिकवायचा. रंगाच्या पायऱ्या, एका पट्टीतून दुसरीत सरकणारी छटा. चित्रकाराचं शिकवणं मागावर सगळ्यात आधी लागू पडलं, कारण मागावर उभं-आडवं सोडून काही नसतंच.

---

चुनाविटा

@ताणाबाणा, दंडवत. हे कापडाचं ठाऊक नव्हतं.

@रेघोट्या, बरं, एक पाऊल मागे येतो. आमच्या धंद्यातलं एक उदाहरण तुमच्या बाजूने देतो. अच्युत कानविंदे. आचऱ्याचे, कोकणातले. जेजेत शिकले, मग हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली. 1947 च्या सुमारास परत आले. अहमदाबादची अटिराची (कापड संशोधन संस्था) इमारत पाहिली तर गुरूची छाप ठळक आहे: सरळ, मोजकी, नक्षीला फाटा. पुढे आयआयटी कानपूरला तोच माणूस वीट आणि काँक्रीट उघडं ठेवतो, सावलीचे उंच जोडरस्ते काढतो, विभागांना एकमेकांशी बांधतो. पांढरं खोकं टाकलं, पण "हा माल काय करू शकतो, इथे माणूस चालणार कसा" हे प्रश्न टाकले नाहीत. म्हणजे शिक्षण राहिलं, शैली गेली. काचवाल्यांनी उलटं केलं.

चित्रकारांनी इमारतीला काय दिलं म्हणाल, तर रीटफेल्डचंच बघा. सुताराचा पोरगा, स्वतः सुतार. उट्रेख्टचं श्र्यॉडर घर, 1924. वरच्या मजल्याला सरकत्या भिंती, दिवसा एक दालन, रात्री खोल्या. परवानगी मिळेना म्हणून नकाशावर वरच्या मजल्याला माळा म्हटलं! ही युक्ती आपल्याकडे आजही चालते. आणि त्रूस श्र्यॉडर बाईंचं त्यात निम्मं डोकं होतं, त्या नुसत्या मालकीण नव्हत्या. पूर्ण घर म्हणजे दे स्टाइलचं चित्र, आत जाऊन राहता येणारं.

---

एल्बेकाठची

लायपझिगमध्ये राहते, देसाऊ गाडीने तासाभराच्या आत. तीनदा जाऊन आले आहे, म्हणून थोडं डोळ्यांनी पाहिलेलं.

चुनाविटा, उकाड्याचं खरं आहे. पण त्या काचेच्या भिंतीजवळ उभं राहिल्यावर नजर जाते ती भिंतीवरच्या चाकाकडे. हाताने फिरवायचं चाक, त्याला साखळी, साखळीला दांडे, आणि एक चाक फिरवलं की खिडक्यांची अख्खी रांग एकदम तिरकी होऊन उघडते. तिथल्या बाईंनी फिरवून दाखवलं. खडखड आवाज करत सगळ्या एका ताला-सुरात. आगगाडीचे सांधे बदलल्यासारखं वाटलं. आणि आतून इमारत पांढरी नाही हो! छत, तुळया, जिन्यांच्या बाजू रंगवलेल्या आहेत. काळ्या-पांढऱ्या फोटोंनी आपल्याला फसवलंय.

लायपझिगची एक जुनी गोष्ट. शाळेतल्याच वाग्नेनफेल्टचा तो प्रसिद्ध काचेचा दिवा, वरती दुधी काचेची अर्धगोल टोपी, 1924 चा. इथल्या जत्रेत, म्हणजे व्यापारी प्रदर्शनात, आणला तेव्हा व्यापारी हसले. दिसायला यंत्रातून निघालेला, पण होता हाताने केलेला, आणि म्हणून महाग. यंत्राची भाषा बोलणारी हस्तकला! नंतर शाळेची सगळ्यात खपलेली वस्तू ठरली वॉलपेपर. हान्नेस मेयर संचालक असताना निघालेला, साधा, बारीक पोताचा, स्वस्त. दिव्यापुढे रांगा लावून फोटो काढतात, वॉलपेपरचं नाव कुणी घेत नाही.

आता जरा जड लिहिते.

1933 साली नाझींच्या दडपणाखाली बर्लिनला शाळा बंद झाली. पण वर्गात बसलेली माणसं सगळीच अमेरिकेला गेली नाहीत. वायमारपासून काही किलोमीटरवर बूखेनवाल्डची नाझी छळछावणी आहे. तिच्या लोखंडी दारावर "ज्याचं त्याला" अशा अर्थाचे शब्द आहेत, आत उभं राहिल्यावर वाचता येतील असे. ती अक्षरं घडवली फ्रान्झ एर्लिशने. देसाऊचा विद्यार्थी, कम्युनिस्ट म्हणून तिथे कैदी. ज्या शाळेवर नाझींनी राग काढला तिच्याच वळणाची अक्षरं त्यांच्या दारावर चढली आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्या दाराशी मी बराच वेळ उभी होते. दुसरीकडे फ्रित्स एर्टल, तोही देसाऊला शिकलेला, आउश्वित्सच्या मृत्युछावणीच्या बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. शिक्षणाने माणूस घडतो वगैरे लिहिणाऱ्यांनी हा एर्टल लक्षात ठेवावा.

आणि फ्रीडल डिकर. इटेनची विद्यार्थिनी, त्याच्यामागे व्हिएन्नाहून वायमारला आली. 1942 च्या शेवटी तिला तेरेझिनला, नाझींनी ज्यूंना कोंडण्यासाठी केलेल्या वस्तीत, डांबलं. तिथे ती मुलांना चित्रकला शिकवायची. कागद कुठला? जुन्या कचेरीचे वापरलेले फॉर्म, त्यांची पाठकोरी बाजू. शिकवायची इटेनचेच धडे: ताल, पोत, फाडलेल्या कागदाची चित्रं. प्रत्येक चित्रावर मुलाचं नाव घालायला लावायची. 1944 साली तिला आउश्वित्सला नेऊन मारलं. मागे दोन पेट्या राहिल्या, आत मुलांची चार हजारांहून जास्त चित्रं. मास्तर, तुम्ही म्हणालात ना, बालवाडी मोठ्यांची केली. ती अशी पुन्हा मुलांकडे गेली.

---

निवृत्त मास्तर

काय लिहावं सुचत नाही. नाव घालायला लावायची, हे वाचून थांबलो. आम्ही नाव पाठीमागे, आसनक्रमांकासह.

---

तिरका उंट

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. मला कलेतलं कळत नाही, बुद्धिबळातलं थोडं कळतं. योझेफ हार्टविगचा 1923-24 चा पट याच शाळेतला. तो तिथे चित्रकार नव्हता, कार्यशाळेतला उस्ताद होता. त्याच्या सोंगट्यांना तोंडं नाहीत. प्यादं आणि हत्ती साधे घन. उंटाला फुलीचा आकार, कारण तो तिरका जातो. घोडा काटकोनात वळलेला. राजा म्हणजे मोठ्या घनावर छोटा घन तिरका ठेवलेला, आणि वजिरावर गोळा, कारण तो कुठेही जातो. माझ्या सहा वर्षांच्या पुतणीला नेहमीच्या पटावर उंट कुठे जातो ते पाठ होईना. मी लाकडाच्या तुकड्यांचा असा संच घरी केला (फिनिशिंगबद्दल विचारू नका), तिने उंट हातात धरला आणि बोटाने फुली गिरवली. पुन्हा सांगावं लागलं नाही.

---

रेघोट्या

सगळ्यांचे आभार, विशेषतः एल्बेकाठची यांचे. तिरका उंट, फिनिशिंगचा फोटो तरी टाका.

उस्तादावरून आठवलं. वायमारला प्रत्येक कार्यशाळेत दोन गुरू असायचे, एक कलावंत (बहुतेकदा चित्रकार) आणि एक कारागीर. मास्तरांच्या सभेत मत देण्याचा हक्क मात्र फक्त कलावंताला. तेव्हा कारागिराला मान वगैरे जरा जपूनच म्हणावं.

आता भाचीचं काय झालं ते. तिने रात्री दोनला माझा धागा वाचला आणि सकाळी उभी घडी घालून कागद घेऊन गेली. वर्गात पाहते तर अकरा जणांनी तेच आणलेलं. आल्बर्सची गोष्ट नेटवर सगळ्यांनीच वाचलेली. सरांनी अकराही कागद एका ओळीत उभे केले, काही बोलले नाहीत, टेबलावरचा पंखा लावला. अकरापैकी नऊ आडवे झाले. म्हणाले, आता वाऱ्यात उभा राहणारा कागद आणा, उद्या.

ताईचा काल रात्री पुन्हा फोन होता.

---

चुनाविटा

त्या सरांचं कॉलेज सांगू नका, पण त्यांना माझ्या इमारतीत एकदा दुपारी तीनला घेऊन या.

आणि उरलेले दोन कागद का पडले नाहीत? घडी कशी होती? भाचीला विचारून सांगा.

---

रेघोट्या

विचारलं. एकाने कडेला बोटभर दुमड घातली होती, खालच्या बाजूला. दुसरा पंख्याच्या आड होता.